व्हीएम बॅकअपची जागा संपण्याआधी सूचना कशी मिळवावी : वीम वापरणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

बॅकअपची डिस्क एका रात्रीत भरत नाही. ती आठवडेच्या आठवडे भरत असते, आणि तरीही ज्या सकाळी जॉब (बॅकअपचे ठरवून दिलेले काम) फेल झाल्याचा लाल संदेश समोर येतो त्या सकाळी ती अचानक भरल्यासारखी वाटते. मधल्या आठवड्यांत जुने बॅकअप काढता आले असते, नवी डिस्क मागवता आली असती किंवा एखाद्या व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाचा) बॅकअप दुसऱ्या रिपॉझिटरीवर, म्हणजे बॅकअप साठवण्याच्या जागेवर, वळवता आला असता. जागा कमी होत असल्याची सूचना लावायची ती हे आठवडे हातचे जाऊ नयेत म्हणून. ती नेमकी किती टक्क्यांवर लावावी आणि ती आल्यावर काही करू शकेल अशा माणसापर्यंत ती कशी पोहोचवावी, हे दोन प्रश्न या लेखात सविस्तर घेतले आहेत. सेटिंगची खिडकी उघडून आकडा भरणे हे त्यामानाने पाच मिनिटांचे काम आहे.

उदाहरणासाठी वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन हे सॉफ्टवेअर घेतले आहे, कारण व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेक कार्यालयांत ते असते आणि नवख्या प्रशासकाच्या हाती बहुधा तेच सोपवले जाते. पुढे दिलेली मेनूंची नावे फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ च्या विंडोज कन्सोलमधली आहेत. तुमच्याकडे दुसरे सॉफ्टवेअर असेल तर खिडक्या वेगळ्या दिसतील, पण मर्यादा ठरवण्याचे गणित तेच राहील.

लक्ष कोणत्या जागांवर ठेवायचे

नवोदितांची पहिली समजूत अशी असते की बॅकअप म्हटले की एकच डिस्क, म्हणजे जिथे बॅकअपच्या फाइली पडतात ती रिपॉझिटरी. प्रत्यक्षात तीन ठिकाणची जागा संपू शकते आणि तिन्हींचे परिणाम निरनिराळे असतात.

रिपॉझिटरी भरली तर नवा बॅकअप तयार होत नाही, आधीचे बॅकअप मात्र शाबूत राहतात. प्रॉडक्शन डेटास्टोअर, म्हणजे चालू व्हीएमच्या डिस्क जिथे राहतात ती जागा, भरली तर प्रकरण अधिक गंभीर होते. बॅकअप घेताना व्हीएमवेअर त्या व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतो आणि बॅकअप पूर्ण होऊन स्नॅपशॉट निघेपर्यंत व्हीएममध्ये होणारे सर्व नवे लेखन एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाते. ही फाइल बहुधा त्याच डेटास्टोअरवर वाढत असते. डेटाबेस चालवणाऱ्या, सतत लेखन करणाऱ्या व्हीएमचा बॅकअप काही तास चालला तर ती अनेक जीबींची होऊ शकते. डेटास्टोअरवर जागाच उरली नाही तर लेखनासाठी जागा मागणारी व्हीएम जागच्या जागी थांबतात. हायपर-व्हीमध्ये अशी व्हीएम ‘पॉझ्ड-क्रिटिकल’ या अवस्थेत गेलेली दिसतात. थोडक्यात, ज्यांच्या रक्षणासाठी बॅकअप घ्यायचा तीच कामकाजाची व्हीएम त्या बॅकअपमुळे बंद पडू शकतात.

तिसरी जागा म्हणजे बॅकअप सर्व्हरची स्वतःची सी ड्राइव्ह. वीमचा डेटाबेस, कॅटलॉग आणि लॉग बहुधा तिथे असतात. इन्स्टंट रिकव्हरी करताना, म्हणजे व्हीएम थेट बॅकअपमधून चालू करताना, होणारे बदल जिथे लिहिले जातात ते फोल्डरही तुम्ही बदलले नसेल तर याच ड्राइव्हवर असू शकते. जॉब रोज हिरवे दिसत असले तरी सी ड्राइव्हवर चार-पाच जीबीच जागा उरलेली असेल, तर ते नेमके संकटाच्या दिवशी लक्षात येते. वीममधली जागेची सूचना या ड्राइव्हसाठी नसते, म्हणून तिची सोय वेगळी करावी लागते. ती पुढे सांगितली आहे.

आधी गणित, मग सेटिंग

वीममध्ये मोकळ्या जागेची मर्यादा टक्क्यांत द्यायची असते आणि खिडकी उघडल्यावर १० हा आकडा आधीच भरलेला दिसतो. बहुतेक जण तो तसाच ठेवतात. तो आकडा तुमच्या डिस्कचा आकार, तुमच्या बॅकअपची पद्धत आणि तुमच्या कार्यालयात डिस्क खरेदीला लागणारा वेळ यांपैकी काहीच जाणत नाही. म्हणून खिडकी उघडण्याआधी कागद-पेन घेऊन बसावे, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, रिपॉझिटरी १२ टीबीची आहे. दर शनिवारी पूर्ण बॅकअप होतो आणि तो २.५ टीबीचा असतो. उरलेल्या सहा रात्री फक्त बदललेला भाग, म्हणजे इन्क्रिमेंट, घेतला जातो. तो रोज सुमारे १२० जीबी भरतो. रिटेन्शन, म्हणजे मागचे किती बॅकअप राखून ठेवायचे ते, १४ रिस्टोअर पॉइंटचे आहे; एका रात्रीचा बॅकअप म्हणजे एक रिस्टोअर पॉइंट.

इथे नवोदित असा हिशेब करतो की चौदा पॉइंट म्हणजे दोन पूर्ण बॅकअप आणि बारा इन्क्रिमेंट, म्हणजे ६.४४ टीबी, १२ टीबीच्या डिस्कवर जवळजवळ निम्मी जागा मोकळी. हा हिशेब अपुरा आहे. इन्क्रिमेंट हे आपल्या आधीच्या पूर्ण बॅकअपवर अवलंबून असतात, त्यामुळे जुन्या साखळीतला (एक पूर्ण बॅकअप आणि त्यावरचे इन्क्रिमेंट मिळून एक साखळी) पूर्ण बॅकअप एकटा काढता येत नाही. ती साखळी संपूर्ण निरुपयोगी होईपर्यंत तशीच ठेवावी लागते. नव्या दोन साखळ्यांत मिळून चौदा पॉइंट पूर्ण होतात ते शुक्रवारच्या रात्री. त्या क्षणी डिस्कवर तीन पूर्ण बॅकअप आणि अठरा इन्क्रिमेंट असतात, म्हणजे ९.६६ टीबी. शुक्रवारचा जॉब यशस्वी झाल्यावरच सर्वांत जुनी साखळी पुसली जाते, ३.२२ टीबी एकदम मोकळे होतात आणि वापर पुन्हा ६.४४ टीबीवर येतो.

म्हणजे या डिस्कवरची मोकळी जागा दर आठवड्याला करवतीच्या दातांसारखी वरखाली होते. सर्वांत जास्त असते तेव्हा ती ५.५६ टीबी, म्हणजे सुमारे ४६ टक्के. सर्वांत कमी असते तेव्हा २.३४ टीबी, म्हणजे साडेएकोणीस टक्के. शनिवारी सकाळी, साखळी पुसली गेल्यानंतर आणि नवा पूर्ण बॅकअप सुरू होण्याआधी कोणी पाहिले तर भरपूर जागा दिसते, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाहिले तर चिंता वाटते. दोन्ही आकडे खरेच आहेत. मर्यादा मात्र त्यांतल्या लहान आकड्यावरून ठरवायची.

आता या रिपॉझिटरीवर एक नवे व्हीएम येते असे धरा. त्याचा पूर्ण बॅकअप ४०० जीबीचा आणि रोजचे इन्क्रिमेंट १५ जीबीचे आहे, आणि ते एका शनिवारी जॉबमध्ये घातले. पहिल्या शुक्रवारी मोकळी जागा १.८५ टीबीपर्यंत उतरते, दुसऱ्या शुक्रवारी १.३६ टीबीपर्यंत आणि तिसऱ्या शुक्रवारी ०.८७ टीबीपर्यंत. ४०० जीबीच्या व्हीएमने शेवटी १.४७ टीबी जागा घेतली, कारण तिन्ही साखळ्यांत त्याचा एकेक पूर्ण बॅकअप बसला. आणि हा संपूर्ण परिणाम दिसायला तीन आठवडे लागले, तोवर ते व्हीएम कोणी आणि कधी घातले याची आठवणही पुसट झालेली असते.

या तीन आठवड्यांत सूचना कधी आली असती, ते पाहा. मर्यादा १० टक्के, म्हणजे १.२ टीबी असेल, तर मोकळी जागा तिच्याखाली जाते ती तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी. सर्वांत कठीण शुक्रवार तेव्हा दोन दिवसांवर आलेला असतो. मर्यादा १५ टक्के, म्हणजे १.८ टीबी असेल, तर तीच सूचना दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येते आणि हातात दहा दिवस राहतात. एकाऐवजी अशी दोन व्हीएम घातली असती तर तिसऱ्या शुक्रवारी ०.६ टीबी जागा कमीच पडली असती. त्या वेळी दोन दिवस आणि दहा दिवस यांतला फरक हा बॅकअप असण्या-नसण्याचा फरक ठरला असता.

मग मर्यादा २० टक्के का ठेवू नये? कारण या उदाहरणात नेहमीच्या शुक्रवारीही मोकळी जागा साडेएकोणीस टक्क्यांपर्यंत उतरतेच. वीस टक्क्यांवर दर शुक्रवारी विनाकारण पिवळी सूचना येईल, आणि महिन्याभरात ती न वाचता पुसण्याची सवय लागेल. म्हणून नियम असा धरावा : एका पूर्ण चक्रात मोकळी जागा कमीत कमी किती होते ते नोंदवावे आणि मर्यादा त्याच्या थोडी खाली, पण फार खाली नाही, अशी ठेवावी. इथे ती १५ टक्के येते. तुमच्याकडे ती १२ येईल किंवा २५ येईल. आकडा महत्त्वाचा नाही, तो कुठून आला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

चक्र पाहताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नवी रिपॉझिटरी लावल्यावर पहिले काही आठवडे वापर नुसता चढतच जातो, कारण रिटेन्शन अजून पूर्ण झालेले नसते आणि काहीच पुसले जात नसते. या काळात घेतलेली नोंद फसवी असते. रिटेन्शन पूर्ण झाल्यानंतर निदान एक महिना नोंद ठेवावी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट येतात तो महिन्याचा दुसरा मंगळवारही त्यात येतो आणि अपडेटनंतर इन्क्रिमेंट किती फुगतात ते कळते. व्हीएमच्या आत डिस्क डीफ्रॅग केली किंवा डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधले, तरी बॅकअपच्या दृष्टीने फार मोठा भाग बदललेला ठरतो. हिशेबाचे काम करणाऱ्या कार्यालयांत मार्चअखेरीचा आठवडाही वेगळा पाहावा.

हे आकडे मिळवण्यासाठी कन्सोलमध्ये ‘बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चर’ या भागात ‘बॅकअप रिपॉझिटरीज’ उघडा. प्रत्येक रिपॉझिटरीसमोर एकूण क्षमता, मोकळी जागा आणि वापरलेली जागा असे रकाने दिसतात. नोंद मोकळ्या जागेच्या रकान्याची घ्या. रिपॉझिटरी आरईएफएस किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर असेल आणि फास्ट क्लोन वापरात असेल, तर निरनिराळे पूर्ण बॅकअप डिस्कवरचे तेच ब्लॉक सामाईक वापरतात, त्यामुळे फाइलींच्या आकारांची बेरीज डिस्कच्या क्षमतेपेक्षाही जास्त दिसू शकते. फोल्डरवर उजवी क्लिक करून मिळणारा आकडा अशा ठिकाणी कामाचा नाही. व्हॉल्यूमवर खरोखर किती जागा मोकळी आहे तेवढेच पाहायचे. अशा रिपॉझिटरीत करवतीचे दातही बरेच लहान असतात, म्हणून वरचे उदाहरण जसेच्या तसे लावू नका, आपल्या नोंदींवरून आकडा काढा.

वीममध्ये मर्यादा भरणे

कन्सोलच्या डावीकडे वरच्या कोपऱ्यातला मुख्य मेनू उघडा आणि ‘ऑप्शन्स’ निवडा. उघडणाऱ्या खिडकीत ‘नोटिफिकेशन्स’ या टॅबवर जा. ‘बॅकअप स्टोरेज’ या विभागात मोकळी जागा अमुक टक्क्यांच्या खाली गेल्यास इशारा द्यावा, असा पर्याय आहे. त्यावर खूण असल्याची खात्री करा आणि तुम्ही काढलेला आकडा भरा.

त्याखालच्या ‘प्रॉडक्शन डेटास्टोअर्स’ विभागात दोन पर्याय आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यावा. पहिला फक्त इशारा देतो. दुसरा पर्याय मोकळी जागा ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असेल तर स्नॅपशॉट घेण्याआधीच ते काम थांबवतो, म्हणजे डेटास्टोअर पूर्ण भरून व्हीएम बंद पडण्याचा धोका टळतो. त्याची किंमत अशी की त्या रात्री त्या व्हीएमचा बॅकअप होत नाही. माझ्या मते ही किंमत मोजणे योग्यच आहे, कारण एका रात्रीचा बॅकअप चुकलेला परवडतो, दिवसाढवळ्या व्हीएम थांबलेले परवडत नाही. मात्र दोन आकड्यांत पुरेसे अंतर हवे. इशारा १५ टक्क्यांवर आणि थांबवणे ५ टक्क्यांवर असेल, तर इशाऱ्यानंतर काही करायला अवकाश मिळतो. दोन्ही जवळजवळ असतील तर इशारा आणि चुकलेला बॅकअप एकाच रात्री भेटतील. डेटास्टोअरवर २ जीबीपेक्षा कमी जागा उरली असेल, तर हा पर्याय निवडलेला नसतानाही वीम काम थांबवतो.

एक मर्यादा इथेच सांगितली पाहिजे. हे आकडे संपूर्ण बॅकअप सर्व्हरसाठी एकच असतात. प्रत्येक रिपॉझिटरीला वेगळी टक्केवारी देता येत नाही. तुमच्याकडे १२ टीबीची एक आणि ६० टीबीची दुसरी रिपॉझिटरी असेल, तर इथे लहान रिपॉझिटरीला योग्य असा आकडा ठेवावा आणि मोठीसाठी खाली सांगितलेल्या स्वतंत्र देखरेखीचा आधार घ्यावा. ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे बहुधा क्लाउडमधल्या साठवणीवर, बॅकअप जात असेल, तर तिथे डिस्कसारखी ‘मोकळी जागा’ मोजता येत नाही, त्यामुळे तिथे टक्केवारीऐवजी वापराची कमाल मर्यादा आणि मासिक बिल यांवर लक्ष ठेवावे लागते.

सूचना माणसापर्यंत पोहोचवणे

वरची सेटिंग एवढेच करते की जॉब चालताना जागा तपासली जाते, आणि ती कमी असेल तर जॉबच्या तपशिलात इशारा नोंदवून जॉबचा निकाल ‘वॉर्निंग’ असा दाखवला जातो. कन्सोल उघडून कोणी पाहिलेच नाही, तर तो इशारा तिथेच पडून राहतो. म्हणून त्याच ‘ऑप्शन्स’ खिडकीतल्या ईमेल सेटिंगच्या टॅबवर जाऊन मेलची सोय करावी लागते.

मेल सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता हे भरणे सरळ आहे. जीमेल किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर आवृत्ती १२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे आणि तिथे ब्राउझरमधून साइन-इन करून परवानगी द्यायची असते. या सेवांवर नुसते नाव आणि पासवर्ड देऊन मेल पाठवण्याची जुनी पद्धत आता भरवशाची राहिलेली नाही. खाली यशस्वी, वॉर्निंग आणि फेल अशा तीन निकालांसाठी मेल पाठवायची की नाही याच्या खुणा असतात. ‘वॉर्निंग’समोरची खूण काढलेली असेल तर जागेच्या सूचनेची मेल कधीच येणार नाही, आणि मेल कमी याव्यात म्हणून नेमकी हीच खूण काढून टाकलेली पुष्कळदा आढळते. शिवाय प्रत्येक जॉबच्या ‘स्टोरेज’ पायरीतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्येही नोटिफिकेशनचा टॅब असतो. तिथे त्या जॉबपुरते वेगळे नियम लावलेले नाहीत ना, तेही पाहून घ्या.

मेल कोणाच्या पत्त्यावर जाते, यावर विचार करायला हवा. एकाच व्यक्तीच्या पत्त्यावर जात असेल आणि ती व्यक्ती गणपतीच्या सुट्टीवर गावी गेली असेल किंवा नोकरी सोडून गेली असेल, तर सूचना अचूक येऊनही व्यर्थ जाते. दोन-तीन जणांना दिसणारी सामाईक मेलपेटी ठेवावी आणि त्यांत निदान एक जण असा असावा ज्याला डिस्क खरेदीचा प्रस्ताव पुढे पाठवता येतो. यशस्वी जॉबच्या मेल बंद ठेवणे मला योग्य वाटते, पण सर्व नव्हे. एखाद्या लहानशा जॉबची यशाची मेल रोज येऊ द्यावी. ज्या दिवशी ती येणार नाही त्या दिवशी मेलची व्यवस्थाच बिघडली आहे हे कळेल. अन्यथा शांतता म्हणजे सर्व ठीक आहे की मेल सर्व्हर बंद आहे, हे ओळखण्याचे साधन राहत नाही.

आणखी एक काम सूचना लावण्याआधी उरकावे. तुमच्या जॉबमध्ये इतर कारणांनी रोजच वॉर्निंग येत असतील, उदाहरणार्थ एखाद्या व्हीएममध्ये लॉग-इनची परवानगी चुकीची आहे किंवा काढून टाकलेले व्हीएम यादीत राहिले आहे, तर आधी त्या दूर करा. रोज पिवळा दिसणारा जॉब एके दिवशी जागेमुळे पिवळा झाला, तर ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.

चाचणी

सूचना लावल्यावर ती खरोखर येते का हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. त्यासाठी डिस्क भरण्याची गरज नाही. बॅकअप स्टोरेजची मर्यादा थोड्या वेळासाठी ९५ टक्के करा. जवळजवळ कोणत्याही वापरात असलेल्या डिस्कवर मोकळी जागा त्याहून कमीच असते. मग एकच लहान व्हीएम असलेला जॉब हाताने चालवा. जॉब वॉर्निंगसह संपला पाहिजे, तपशिलात जागेबद्दलची ओळ दिसली पाहिजे आणि मेल सामाईक पेटीत, स्पॅममध्ये नव्हे, पोहोचली पाहिजे. त्यानंतर मर्यादा पुन्हा मूळ आकड्यावर आणायला विसरू नका. चाचणीच्या वेळी प्रॉडक्शन डेटास्टोअरचा काम थांबवणारा आकडा अजिबात वाढवू नका, नाहीतर त्याच सुमारास सुरू झालेले खरे जॉब व्हीएम वगळतील.

जॉब चालत नसतानाची देखरेख

वीमची तपासणी जॉबबरोबर होते. जॉब रात्री एकदाच चालत असेल, तर दिवसा कोणी त्याच व्हॉल्यूमवर मोठ्या फाइली आणून टाकल्या तरी पुढच्या जॉबपर्यंत काहीच कळत नाही. जॉब काही कारणाने बंद करून ठेवला असेल तर तपासणीही बंद असते. म्हणून दुसरी, बॅकअप सॉफ्टवेअरच्या बाहेरची देखरेख असावी. तीच सी ड्राइव्हकडेही पाहील.

झॅबिक्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर यासाठी चांगले आहे. विंडोज किंवा लिनक्स सर्व्हरवर त्याचा एजंट बसवून तयार टेम्पलेट जोडले की सर्व ड्राइव्हची देखरेख सुरू होते. टेम्पलेटमध्ये वापर ८० टक्क्यांवर गेल्यास इशारा आणि ९० टक्क्यांवर गेल्यास गंभीर इशारा असे आकडे असतात. ते प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळे करता येतात, म्हणजे वीमची एकच टक्केवारी असण्याची अडचण इथे सुटते. लक्षात ठेवा, वीम मोकळ्या जागेची टक्केवारी मागतो आणि झॅबिक्स वापरलेल्या जागेची. वीममधले १५ म्हणजे झॅबिक्समधले ८५. आलेखात करवतीचे दात स्पष्ट दिसतात आणि मर्यादा योग्य जागी आहे का ते नजरेने तपासता येते.

झॅबिक्ससारखे काही बसवणे शक्य नसेल, तर विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये लॉजिकल डिस्कच्या मोकळ्या टक्केवारीवर काउंटर अलर्ट लावता येतो. त्यात दर पंधरा सेकंदांनी तपासणी हा मुळातला कालावधी जागेसाठी अनावश्यक आहे, तो तासाभराचा करावा. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर हा अलर्ट आपोआप पुन्हा सुरू होत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे; त्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये सर्व्हर सुरू होताना तो चालू करणारे काम जोडावे लागते.

व्हीएमवेअरच्या डेटास्टोअरसाठी व्हीसेंटरमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये, वापराचा अलार्म आधीपासूनच असतो. तो ७५ टक्क्यांवर पिवळा आणि ८५ टक्क्यांवर लाल होतो. पण त्याला मेलची कृती जोडल्याशिवाय आणि व्हीसेंटरच्या सेटिंगमध्ये मेल सर्व्हर दिल्याशिवाय तो फक्त पडद्यावर दिसतो.

रिपॉझिटरी नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावरच्या) थिन प्रोव्हिजन केलेल्या लनवर, म्हणजे प्रत्यक्ष जागा आधी राखून न ठेवता सर्व्हरला दिलेल्या आभासी डिस्कवर, असेल तर अधिक सावध राहा. विंडोजला २० टीबी दिसत असतात, पण खाली नॅसच्या स्टोरेज पूलमध्ये तेवढी प्रत्यक्ष जागा नसते आणि तो पूल इतर कामांसाठीही वापरला जात असतो. विंडोजमध्ये निम्मी डिस्क मोकळी दिसत असताना पूल भरतो आणि लेखन बंद पडते. वीम आणि झॅबिक्स दोघेही विंडोजचाच आकडा वाचतात, त्यामुळे दोघेही गप्प राहतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या नॅसवर क्षमतेची सूचना नॅसच्याच सेटिंगमधून लावता येते. ती लावणे अशा रचनेत अनिवार्य समजा.

सूचना आल्यावर

पहिली गोष्ट, फाइल एक्सप्लोररमधून बॅकअपच्या फाइली पुसू नका. व्हीबीके ही पूर्ण बॅकअपची आणि व्हीआयबी ही इन्क्रिमेंटची फाइल. साखळीतली एक फाइल गेली की तिच्यावर अवलंबून असलेले पुढचे सर्व पॉइंट निकामी होतात, आणि सर्वांत मोठी म्हणून जी आधी पुसावीशी वाटते ती व्हीबीकेच असते. नको असलेल्या व्हीएमचे बॅकअप कन्सोलमधल्या बॅकअपच्या यादीतूनच, डिस्कवरून काढण्याचा पर्याय वापरून काढा. काम संपलेल्या प्रकल्पांची, कधीच्याच बंद केलेल्या व्हीएमची जुनी साखळी बहुधा इथे सापडते, आणि तेवढ्याने पुष्कळदा काम भागते.

रिटेन्शन कमी करणे हा दुसरा मार्ग आहे, पण त्याचा परिणाम लगेच होत नाही. जुने पॉइंट पुसले जातात ते पुढचा जॉब यशस्वी झाल्यानंतर, आणि डिस्क पूर्ण भरलेली असेल तर पुढचा जॉब यशस्वी होणारच नाही. आपल्या उदाहरणातल्या शुक्रवारची कोंडी हीच आहे : १२० जीबीचे इन्क्रिमेंट मावत नाही म्हणून ३.२२ टीबीची जुनी साखळी निघत नाही. यासाठी रिपॉझिटरीवर एका रात्रीच्या इन्क्रिमेंटपेक्षा थोडी मोठी, इथे १५० जीबीची, एक रिकामी राखीव फाइल आधीच करून ठेवावी आणि तिच्या नावातच तिचा उपयोग लिहावा. विंडोजमध्ये एफएसयुटिल (fsutil) आणि लिनक्समध्ये एफअ‍ॅलोकेट (fallocate) या आज्ञेने अशी फाइल क्षणात तयार होते. कोंडी झालीच तर ती फाइल पुसून जॉब पुन्हा चालवायचा, आणि जागा मोकळी झाल्यावर फाइल परत तयार करून ठेवायची. बॅकअप ठरावीक दिवस कोणालाही पुसता येऊ नयेत अशी इम्युटेबल रिपॉझिटरी असेल, तर ही राखीव फाइल अधिकच आवश्यक आहे, कारण तिथे मुदत संपेपर्यंत बॅकअप पुसून जागा करण्याचा मार्ग तुम्हालाही बंद असतो.

या उपायांनी भागले नाही, तर डिस्क वाढवण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो. त्यात महिनाभराची नोंद, सर्वांत कठीण शुक्रवारचा आकडा आणि पुढे येणाऱ्या व्हीएमचा तिप्पट हिशेब जोडला, तर मंजुरी देणाऱ्याला तो समजायला सोपा जातो. नवी डिस्क लागल्यावर, रिटेन्शन बदलल्यावर किंवा मोठे व्हीएम जॉबमध्ये घातल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा नोंद घ्यावी आणि मर्यादेचा आकडा नव्याने काढावा. १२ टीबीसाठी काढलेले १५ टक्के २४ टीबीवर ३.६ टीबी होतात, आणि तिथे ते गरजेपेक्षा जास्त ठरू शकतात.